उडदाच्या मडक्यातले झुमके

आईचा उजवा हात कोपरापर्यंत उडदात बुडालेला होता. मधल्या खोलीत भर दुपारीही अंधारच असायचा. कौलांच्या फटीतून एक उन्हाची काडी तेवढी उतरायची आणि तिच्यात धान्याची धूळ तरंगत राहायची. त्या काडीच्या उजेडात मला आईचा चेहरा दिसला, आणि तो माझ्या आईचा नव्हता. तिने मला पाहिलं. हात बाहेर काढला नाही. काळे उडीद तिच्या हाताभोवती हळूहळू मिटत गेले, सरसरत, आणि मग ती अगदी दबक्या आवाजात म्हणाली, “हाई तुन्हासाठे शे. कोनले सांगू नको.”

माझ्यासाठी! नऊ वर्षांच्या मुलीला याहून जड शब्द कोणता? त्या घटकेपासून मीही त्या मडक्यात कोपरापर्यंत बुडाले...

महायुद्धाची वर्षं होती ती. आमचं गाव तापीच्या काठावर, शहाद्याहून नंदुरबारला जाणाऱ्या वाटेवरचं. चैत्र सरत आलेला. कडुनिंबाच्या मोहराचा कडसर-गोड वास, अंगणात खाटांवर वाळत घातलेल्या शेवया, कुरडया, घराघरांत आखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची, लगबग. आखाजीला आमच्याकडे लेकी माहेरी येतात, झोके बांधले जातात, आणि त्याआधी हातात नव्या बांगड्या हव्यातच. त्या बांगड्या घेऊन यायची हमीदाबी मन्यारीण.

ती नंदुरबारची. नवरा लवकर गेलेला, पदरात एकच मुलगी. डोईवर टोपली, टोपलीत मऊ फडक्यांच्या घड्यांत निजवलेली काच... बारा वर्षं ती आमच्या गावी येत होती, आणि दुपारची विसावायची ती आमच्याच ओसरीवर. आई तिला तांब्याभर पाणी द्यायची, भाकरीवर ठेचा द्यायची, उशाला गोधडीची घडी द्यायची. हमीदाबीच्या अंगाला अत्तराचा नव्हे, लाखेचा आणि प्रवासाचा वास असे. तिचे हात मात्र लोण्यासारखे. कितीही घट्ट मापाची बांगडी ती अशी चढवायची की बाईला कळायचंही नाही.

त्या दुपारी ती उलट्या बाजूने, शहाद्याहून आली. कमरेची पोटली सोडून तिने आईच्या तळहातावर काही ठेवलं — सोन्याचे झुमके. स्वतःच्या आईचे जुने दागिने मोडून शहाद्याच्या सोनाराकडून घडवून आणलेले. आखाजीनंतर मुलीचा निकाह होता. “मन्ही रशीदानं सारं हाईच शे,” ती हसत म्हणाली. आई त्या झुमक्यांकडे बराच वेळ पाहत राहिली. इतका वेळ, की हमीदाबीनेच हलकेच ते उचलून पुन्हा फडक्यात बांधले आणि पोटली उशाच्या गोधडीत सारून डोळे मिटले.

जरा डोळा लागतो न लागतो तोच आमच्या गल्लीतल्या सुकलालची हाक आली. त्याची बैलगाडी नंदुरबारला निघाली होती. हमीदाबी धडपडत उठली, टोपली उचलली, पायांत जोडा कसाबसा घातला आणि गेली. आईने गोधडी उचलली आणि पोटली खाली पडली.

गाडी अजून दूर गेली नव्हती. मी ओट्यावर उभी होते. नदीच्या उताराकडे जाणारी तिची धूळ मला दिसत होती, चाकांची कुरकुर ऐकू येत होती. एक हाक मारली असती तर सुकलालने बैल थांबवले असते. आई दारापर्यंत आली. तिचे ओठ हलले... मग ती वळली आणि मधल्या खोलीत गेली.

माझी आई लोभी नव्हती. आज हे लिहिताना ते आधी सांगावंसं वाटतं. पण तिच्या माहेरचं सगळं सोनं आमच्या मळ्यातली विहीर खणताना गेलं होतं. विहिरीला पाणी लागलं, केळी डोलू लागल्या. तिच्या गळ्यात काळी पोत तेवढी राहिली. त्याच घरात मोठी काकू होती, तिच्या अंगावरचं सगळं जिथल्या तिथे होतं, आणि सणावाराला चार बायकांत बसताना आई पदर उगाचच गळ्याभोवती ओढून घ्यायची. हे मी कितीदा पाहिलं होतं, पण त्याचा अर्थ मला फार उशिरा कळला.

तिसऱ्या दिवशी हमीदाबी परत आली. नंदुरबारपासून वाट धुंडाळत, गाडीवाटेच्या चाकोऱ्या बघत, नदीच्या वाळूत बोटं घालत आली होती. ओठ फाटलेले, डोळे लाल.

“माय वं, मन्ही पोटली आठे ऱ्हायनी का वं?”

“नही वं बीबी. आठे काहीच नही.”

आईने स्वतः गोधडी आणून तिच्यासमोर झटकली. रिकामी गोधडी, दोनदा, तीनदा... तिच्यातून धूळ उडत राहिली. हमीदाबीने ती हातानेच थांबवली. “ऱ्हाऊ दे. तू म्हनस तं नही व्हई.”

तोवर गल्ली जमली होती. कोणी म्हणालं, गाडीत पडली असेल. कोणी म्हणालं, मग ती सुकलालच्या घरातच असणार. मोठी काकू तर म्हणाली की पोलीस पाटलाला बोलाव आणि त्याच्या घराची झडती घे. सुकलाल बैलांच्या दावणीपाशी उभा होता, काळवंडून गेलेला. त्याची बायको केसर ऊर बडवून शपथा घेत होती. हमीदाबीने मान हलवली. “मन्हा डोयानी देखं नही, तं मी त्यानं नाव कशी लेऊ?” ती एवढंच बोलली आणि पाण्याचा घोटही न घेता निघून गेली. आमच्या घरून ती तहानेली गेली, ती पहिल्यांदाच.

त्यानंतरचे दिवस... त्यांना दिवस म्हणू की एकच लांबलचक दुपार? आईच्या भाकरी करपू लागल्या. शेवया वळताना तिची बोटं थांबायची आणि पीठ वाळून तडकायचं. कुठे गाडीचा आवाज आला की आम्ही दोघी एकाच वेळी मान वर करायचो, आणि मग एकमेकींकडे बघायचं टाळायचो. झोक्यावर बसलं तरी माझे पाय उंच जायला तयार नसत. मडक्याशेजारून जाताना मी श्वास रोखून धरत असे, जणू आत कोणी झोपलेलं होतं. पाणवठ्यावर बायका केसरला पाहून गप्प होऊ लागल्या, सुकलालच्या गाडीत कोणी बसेनासं झालं. एकदा केसर आमच्या दारावरून गेली तर आई चटकन भिंतीआड झाली.

आखाजीला दोन दिवस उरले आणि हमीदाबी पुन्हा आली. रडकं तोंड नाही, तक्रार नाही. टोपली तीच, हाक तीच. गल्लीतल्या बायका आमच्या अंगणात तिच्याभोवती बसल्या. आई बाहेर आलीच नाही. सगळ्यांचे हात भरून झाल्यावर हमीदाबी टोपली घेऊन स्वतःच मधल्या खोलीत आली. मी आईला बिलगून बसले होते.

“सनना दिन हात सुना ठेवस का?” असं म्हणत तिने आईचा हात आपल्या मांडीवर घेतला.

पहिली बांगडी अंगठ्यापाशीच फुटली. दुसरीही. “हात ढिला सोड, माय. हात दगड करशी तं काच फुटी जाई.” पण आईचा हात सैल होईना. तिसरी बांगडी फुटली आणि काच मनगटात रुतली. हमीदाबीने काच अलगद काढली, आपल्या ओढणीचं टोक रक्तावर दाबून धरलं आणि आईची बोटं एकेक करून चोळू लागली... जशी लहान मुलाची चोळावीत. चोळता चोळता आपल्याच नादात बोलत होती: रशीदाचा निकाह ठरल्या दिवशीच होईल, नवरा मुलगा भला आहे, म्हणाला की झुमके नसले तरी चालतील. “तू यशी ना वं माय? तुन्ह्यासिवाय मन्हं कोन शे या गावमा?”

आई उठली. रक्ताळला हात तसाच उडदात घातला आणि पोटली काढून हमीदाबीच्या मांडीवर ठेवली. मग ती तिथेच जमिनीवर बसली. रडलीही नाही. फक्त बसली.

हमीदाबीने फडकं सोडलं, पाहिलं, पुन्हा बांधलं. कौलावर एक चिमणी नखं घासत होती, तो आवाज मला अजून ऐकू येतो. हमीदाबीचा चेहरा आधी कठीण झाला, ते मी पाहिलं. खोटं कशाला सांगू? मग तिने पुन्हा आईचा हात ओढून मांडीवर घेतला.

“बारा वरीस तू माले पानी पाजं,” ती म्हणाली. “एक दिन तुलेच तहान लागनी, तं मी काय गावभर सांगत फिरू?”

तेवढ्यात मोठी काकू दारात उभी. “काय वं ते?”

हमीदाबीने पोटली उंच धरली आणि मोठ्याने हसली. “मन्हीच टोपलीमा सापडनात, माय! खाले फडकामा अटकेल व्हतात. बुढी व्हयनी मी, बुढी!” आणि तशीच अंगणात जाऊन तिने साऱ्या गल्लीला ओरडून सांगितलं, स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला, सुकलालच्या दारात जाऊन माफी मागितली. बायका हसल्या. ती परत आली आणि तिने आईचे दोन्ही हात भरले. एकही बांगडी फुटली नाही.

गोष्ट इथे संपली असती, तर आई सुटली असती. पण तिला सुटायचं नव्हतं. संध्याकाळी वडील मळ्यातून आले तेव्हा तिने त्यांना सगळं सांगितलं. ते हातातल्या दोरीचा पीळ सोडवू लागले. मग एवढंच म्हणाले, “सुकलालले कोन सांगी?”

आईने पदर घट्ट खोचला आणि ती केसरच्या दारात गेली. मी मागोमाग. आईने उभ्या उभ्या सांगितलं, आवाज न चोरता. केसर ऐकत होती. मग तिने दार लावून घेतलं. वर्षभर ती आईशी बोलली नाही. पुढच्या उन्हाळ्यात एके सकाळी आपणहून पाट घेऊन आली आणि आईशेजारी शेवया वळायला बसली. तेव्हाही दोघी बोलल्या नाहीत. दोघींच्या शेवया मात्र एकाच खाटेवर वाळल्या.

रशीदाच्या निकाहला आई मला घेऊन नंदुरबारला गेली, काकूचं तोंड वाकडं झालं तरी. मशिदीमागच्या बोळात हमीदाबीने तिला आपल्या बहिणींच्या रांगेत बसवलं, आणि कोणी विचारलं की सांगायची, “मन्ही बहीन शे.” तेव्हा आईने मान खाली घातली, पण पदर गळ्याशी ओढला नाही.

त्या दोघी आता नाहीत. आमचं घरही विकलं गेलं. मी त्या वेळच्या हमीदाबीहून कितीतरी म्हातारी झाले आहे. आईविषयी असं लिहावं की नाही, हा प्रश्न मला वर्षानुवर्षं छळत आला. रात्रीची झोप लागते, पण तो सल जात नाही... एक गोष्ट मात्र त्या चैत्राने मला दिली. कोणी माझ्याशी खोटं बोलत आहे हे कळलं, की मला रागाच्या आधी ते खोटं वाहताना होणारी त्याची दमछाक ऐकू येते. मग मी त्याला बसायला सांगते, आणि घाई करत नाही.