पाचवा दाणा

देवावर माझी श्रद्धा आहे, असं मी जन्मभर सांगत आलो. आता मागे वळून पाहतो तेव्हा वाटतं, माझी श्रद्धा देवापेक्षा माझ्या मोजणीवर जास्त होती. जप किती झाला, उपास किती धरले, नारळ किती वाढवले, सगळं माझ्याकडे तोंडपाठ. एवढं केल्यावर देव आपलं वाकडं कसं होऊ देईल, असा एक माज मनात होता. तो कसा उतरला, ते लिहून ठेवतोय. यात चमत्कार आहे की नाही, ते मला ठरवता येत नाही.

विक्रोळीच्या एका छोट्या कारखान्यात मी तीस वर्षं एकच काम केलं. हवाई दलाच्या जुन्या लढाऊ विमानांमधले व्हॉल्व्ह उघडायचे, धुवायचे, आतल्या रबरी रिंगा बदलायच्या आणि पुन्हा जोडायचे. उतरताना विमानाची चाकं तेलाच्या दाबाने खाली येतात आणि ते तेल या मुठीएवढ्या व्हॉल्व्हमधून जातं. परदेशातल्या मूळ कारखान्याने या विमानांचे सुटे भाग बनवणं केव्हाच बंद केलंय. नवीन विमानं येतायत, त्यांच्याही सुधारलेल्या जाती निघतायत, पण ती पुरेशी येईपर्यंत जुन्यांनाच उडायचंय. नवी सून घरात रुळेपर्यंत चूल सासूनेच सांभाळायची, तसंच हे.

आमच्या जोडणीच्या खोलीचे नियम कडक. घड्याळ, अंगठी, गळ्यातली माळ, सगळं बाहेर काढून आत जायचं. भिंतीवरच्या फळीवर प्रत्येक हत्याराचा आकार रंगवलेला, म्हणजे एखादं जागेवर नसलं तर लगेच कळावं. आत नेलेली प्रत्येक वस्तू मोजून बाहेर आणायची. खंडेनवमीची पूजाही त्यामुळे दारातच व्हायची. माझं मात्र त्यात समाधान होत नसे. ज्या हत्यारांवर पोट भरतं त्यांच्यावर चार अक्षता नकोत? म्हणून दर खंडेनवमीला सगळे प्रसाद खात असताना मी गुपचूप आत जाऊन हत्यारांच्या ट्रेमध्ये पाच दाणे ठेवायचो. दसऱ्याला कारखाना बंद. दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी येऊन पाचही दाणे मोजून उचलायचो. इतकी वर्षं पाच ठेवले आणि पाच उचलले.

त्या वर्षी चारच मिळाले. शेजारी तीन व्हॉल्व्ह उघडे होते.

ट्रे पालथा केला, जमिनीवर हाताने चाचपडलो, टॉर्च लावून बेंचाखाली आडवा झालो. दाणा नाही. अर्धा दिवस शोधण्यात गेला आणि तिन्ही व्हॉल्व्ह त्याच दिवशी पाठवायचे होते. घाईघाईने पुन्हा धुतले, जोडले. चाचणीत तिन्ही पास झाले. कागदावर सही केली. दाणा झाडूबरोबर गेला असेल, असं मनाला पढवलं. पण व्हॉल्व्हच्या आतल्या वाटा काडीएवढ्या अरुंद. दाणा एखाद्या कोपऱ्यात चाचणीभर दडून राहू शकतो आणि हवेत हिसका बसल्यावर बाहेर येऊन तेल अडवू शकतो, हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक?

पंधरा-वीस दिवसांनी संध्याकाळी जेवताना टीव्हीवर नव्या लढाऊ विमानांच्या कसरती दाखवत होते. खाली पट्टी सरकत होती. जुन्या विमानाला उतरताना अपघात, वैमानिकाचा मृत्यू. मी ताट बाजूला सारलं. सुमनने, म्हणजे माझ्या बायकोने, काय झालं म्हणून विचारलं तेव्हा पहिल्यांदा सगळं बोललो. तिने उठून टीव्ही बंद केला.

मग म्हणाली, "अहो, मालकांना सांगून टाका. नोकरी गेली तर गेली. असं किती दिवस जगणार तुम्ही?"

मालकांना सांगितलं. माणूस वाईट नाही, पण घाबरला. "काका, तांदळाचा दाणा? लोक हसतील आपल्याला. आणि कोणी हसलं नाही, तर वाट लागेल. हे काम गेलं तर वीस घरं बसतील. धुवून जोडलेत ना तुम्ही? मग विषय संपला." मी मान डोलावली. ती मान डोलावल्याची लाज अजून वाटते.

आमच्याकडे कोकणात अडलं-नडलं की देवीला कौल लावतात. गुरव मूर्तीला दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो आणि आधी कुठली पाकळी पडते ते बघतात. उजवी पडली तर हो. गावी बाबल म्हणून माझा चुलतभाऊ आहे. त्याला फोन करून म्हटलं, "देवीला विचार, माझ्या हातून तो जीव गेला का?" बाकी काही सांगितलं नाही.

दुपारी त्याचा फोन आला. "अरे, सकाळपासना पाकळे तशेच चिकटान आसत. एकय पडाक नाय. गुरव म्हणता, जा तुका ठाऊक आसा, ता देवीक कित्याक इचारतंस? उद्या परत बगूया." जे मला ठाऊक आहे ते देवीला कशाला विचारायचं, असं गुरवाचं म्हणणं.

त्या दिवशी मला देवीचा राग आला. तीस वर्षं पाच-पाच दाणे वाहिले आणि तू एक पाकळी पाडत नाहीस? मग रागाचं रडू झालं. न्हाणीघरात नळ सोडून रडलो. "मला सांगायची हिंमत नाही. माझ्याकडून होत नाही. तूच काय ते कर," एवढंच तोंडातून निघालं. माझ्या आयुष्यातली ही पहिली प्रार्थना, जिच्यात मी काही मोजलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हवाई दलाचे तपासनीस साहेब दारात उभे. साताऱ्याकडचे, मितभाषी गृहस्थ. त्यांची फेरी पुढच्या आठवड्यात होती. ठाण्याचं काम अचानक रद्द झालं म्हणून वाटेत इकडे वळले, असं म्हणाले. नेहमीप्रमाणे फळीवरची हत्यारं मोजली. मग हातातल्या कागदावरचे ठरलेले प्रश्न विचारत गेले. त्यातला एक दर फेरीला असतोच. कागदावरून नजर न काढता त्यांनी विचारलं, "बाहेरची काही वस्तू आत आली होती का?"

इतक्या वर्षांत प्रश्न संपायच्या आत मी 'नाही' म्हणत आलो होतो. त्या दिवशी जीभ हललीच नाही. त्यांनी मान वर केली. मालक मागे उभे होते. मी म्हणालो, "आली होती साहेब. तांदूळ."

ते हसले नाहीत. खाली बसून मला सगळं पहिल्यापासून सांगायला लावलं. तीन व्हॉल्व्हचे नंबर लिहून घेतले आणि बाहेर जाऊन फोनवर बोलत राहिले. आत आल्यावर मला म्हणाले, "पडलेल्या विमानात यातला एकही नव्हता, काका." क्षणभर आनंद झाला आणि पुढच्याच क्षणी त्या आनंदाची किळस आली. कोणाचं तरी पोर गेलं होतं आणि मी सुटलो म्हणून सुखावलो होतो.

आठवड्याभरात तिन्ही व्हॉल्व्ह परत आले. साहेबांसमोर मीच उघडले. पहिल्यात काही नाही. दुसऱ्यात काही नाही. तिसरा ज्या विमानात बसवलेला होता, ते मी तोंड उघडलं त्याच दुपारी उडणार होतं. तांदूळ त्यातही नव्हता. पण आतली रबरी रिंग अर्ध्यावर चिरली होती. चिमटा लावला तशी तिचे दोन तुकडे झाले. साहेब म्हणाले, "दोन-तीन उड्डाणं टिकली असती, फार तर."

ती रिंग मीच बसवली होती. हे रबर वर्षानुवर्षं पडून असतं आणि वरून चांगलं दिसत असलं तरी आतून वाळतं. म्हणून बसवण्याआधी प्रत्येक रिंग बोटावर वाकवून बघायची, हा या कामातला पहिला धडा. त्या दिवशी दाणा शोधण्यात वेळ गेला आणि शेवटच्या व्हॉल्व्हची रिंग न वाकवताच बसवली. तसं केल्याचं मला आठवतसुद्धा नव्हतं. जे पाप मला छळत होतं ते घडलंच नव्हतं आणि जे घडलं होतं त्याचा मला पत्ताही नव्हता. मी साहेबांना तेही सांगितलं.

साहेबांना पहिल्यांदा सांगितलं त्या दिवशी बाहेर येऊन मोबाइल पाहिला होता, तर बाबलचे चार मिस्ड कॉल. फोन लावला तर म्हणाला, "पडलो रे! उजवो कौल पडलो. साडेधा वाजले आसतीत." साडेदहाला साहेब माझ्यासमोर कागद घेऊन उभे होते. माझा प्रश्न होता, माझ्या हातून जीव गेला का, आणि त्याचं उत्तर 'हो' आलं होतं. गेला नव्हता खरा, पण जाणार होता. देवीने नेमकं कशाला हो म्हटलं, ते मी कोणाला विचारलं नाही.

जोडणीच्या खोलीतून मला काढलं, ते योग्यच झालं. काम काही महिने बंद राहिलं. दोन जण सोडून गेले आणि मालक आजही माझ्याशी कामापुरतंच बोलतात. मी बाहेर बसून व्हॉल्व्हच्या खोक्यांसाठी फोम कापतो. आभाळात विमानाचा आवाज आला की हात थांबतो. त्या गेलेल्या वैमानिकाचं नाव मला माहीत आहे, इथे लिहीत नाही. रोज दिवा लावताना त्याच्या आईवडिलांसाठी गाऱ्हाणं घालतो. आपली रिंग त्याच्या विमानात नव्हती म्हणून आपलं त्याच्याशी नातं नाही, असं वाटत नाही. व्हॉल्व्हचा नंबर जुळला नाही, एवढंच.

देवीने माझा दाणा शोधून दिला नाही. तो आजवर सापडलेला नाही. पण तो हरवला नसता तर मी तोंड उघडलं नसतं आणि ती रिंग कोणी पाहिली नसती. हरवला नसता तर मी घाईही केली नसती, हेही खरं. विचार करून डोकं शिणतं, तेव्हा मी हात जोडतो आणि गप्प बसतो.

यंदा खंडेनवमीला पूजा दारातच झाली. भटजींनी अक्षता हातावर घातल्या. अंगठा सवयीने एकेक दाणा चाचपू लागला. मी मूठ उघडली आणि सगळे सोडून दिले. किती पडले, ते पाहिलं नाही.