गाव सांगायचं नाही!

बिदरला आमचा नवउद्योजकांचा मेळावा भरतो. मी न चुकता जातो. ठाणाकुशनूरला माझा करडईच्या तेलाचा लाकडी घाणा आहे. "मेळाव्याला जाऊन धंदा किती वाढला?" असं बायकोनं विचारलं की मी विषय बदलतो. किस्से मात्र असे साचलेत, की एक सांगायला घ्यावा तर दुसरा मध्येच तोंड घालतो!

*

मेळावा भरवणारे सर भर एप्रिलमध्ये कोट घालतात. पहिल्याच दिवशी त्यांनी नियम सांगितला. प्रत्येकानं एका मिनिटात नाव, धंदा आणि आपल्याला काय पाहिजे ते सांगायचं. मिनिट संपलं की घंटी.

पहिला गडी उठला. "मी बालाजी. गाव औरादजवळ. आजोळ भालकीकडं. थोरली बहीण दिली उदगीरला. चुलते आमचे..."

घंटी!

गडी समाधानानं खाली बसला. धंदा कोणता ते आम्हाला आजतागायत कळलेलं नाही. मागच्या रांगेतून मात्र कुणीतरी ओरडलं, "आरं, तू तर आमच्या साडूचा पुतण्या की!"

पुढच्या मेळाव्याला सरांनी भिंतीवर कागद चिकटवला: 'गाव सांगू नये.' चहाच्या वेळी लोक त्या कागदाखाली उभं राहून एकमेकांची गावं विचारत होते.

*

कडगंचीकडचा एक तरुण ड्रोननं फवारणी करून देतो. त्यानं हौसेनं कार्डं छापली आणि सगळ्यांना वाटली. चार दिवसांत फोन आला. पोरगा खूश, पहिलं गिऱ्हाईक!

फोनवर एक वडीलधारे गृहस्थ होते. "तुमचं कार्ड मिळालं. लेक हाय आमची. पाहायला कधी यायलाव?"

पोरगा गडबडला. तेवढ्यात त्यांनीच विचारलं, "कार्डावर सीईओ लिव्हलंय. सरकारी हाय का?"

"न्हाई मामा. कंपनी माझीच हाय. मालक हाय मी."

पलीकडून आवाज आला, "म्हंजे नोकरी न्हाई म्हणा की!"

*

एकदा सरांनी बेंगळुरूहून एक मार्गदर्शक आणले. ते कॉम्पिटिशनवर फार तळमळीनं बोलले. प्रतिस्पर्धी काय करतो यावर रोज नजर ठेवा, म्हणाले. मग समोरच्या गूळवाल्या अप्पांना त्यांनी विचारलं, "तुमचा प्रतिस्पर्धी कोण?"

"धाकला भाऊ."

"छान! त्याचा पुढचा प्लॅन काय आहे?"

"मला काय ठावं? जेवायला रोज समोरच बसतंय, पण बोलत न्हाई!"

*

माझी गत काही वेगळी नव्हती. कलबुर्गीचा एक किराणा व्यापारी मेळाव्यात भेटला. मी त्याला नमुना म्हणून डबाभर तेल दिलं. बोलता बोलता तो माझ्या मेहुणीच्या सासरचा निघाला, आणि तिथंच माझा घात झाला.

आठवड्यानं डबा परत आला. रिकामा नव्हे, रिकामा डबा पाहुण्याकडं कसा पाठवायचा! गच्च तूरडाळ भरून आला. मग बायकोनं त्यात शेंगदाण्याची चटणी भरून पाठवली. डबा अजून फिरतोय. ऑर्डर आलेली नाही.

*

या सगळ्यात जिचं खरंच अडलं होतं, ती चिंताकीची महादेवी अक्का. पत्र्याच्या शेडमध्ये ती आणि गावातल्या बायका ज्वारीच्या कडक भाकरी करतात. पापडासारख्या पातळ, महिनाभर टिकणाऱ्या. चव घेतली की माणूस ऑर्डर द्यायलाच येतो. येतो आणि गाव विचारतो.

उदगीरचा खानावळवाला तिच्या नणंदेचा चुलतदीर निघाला. भालकीचा दुकानदार मावसभाऊ निघाला. सगळ्यांनी भाकरी नेल्या, तोंड भरून कौतुक केलं, आणि पैशाऐवजी हळदीकुंकू लावून ब्लाऊजपीस हातात ठेवलं! पाहुण्याला पैसे मागायची हिच्यातही हिंमत नाही.

एकदा ती माझ्याजवळ रडकुंडीला आली. "अण्णा, बायकांना पगार म्हणून ब्लाऊजपीस वाटू व्हय? या महिन्यात बाहेरचं गिऱ्हाईक घावलं न्हाई तर शेडला कुलूप."

मला फार वाईट वाटलं. पण मी तरी कुठला सल्ला देणार? माझा स्वतःचा डबा फिरत होता.

*

आणि मग गेल्या मेळाव्याला कलबुर्गीचे एक मोठे हॉटेलवाले आले. अक्कानं भाकरी आणि चटणी पुढं केली. शेजारी तिचा नवरा भाकरींचा गठ्ठा धरून उभा होता. मी पलीकडच्या टेबलावरून बघत होतो.

हॉटेलवाल्यांनी भाकरी मोडली, खाल्ली, डोळे मिटले. "अक्का, माझ्या तिन्ही हॉटेलांना रोज पायजे. द्याल?"

"देते की."

"गाव कंचं म्हणायचं?"

अक्कानं भिंतीकडं बोट दाखवलं. "सांगायचं न्हाई हितं. सरांचा नियम हाय."

हॉटेलवाले हसले. पण त्यांची नजर नवऱ्यावर गेली आणि तिथंच थांबली. "ह्यांना कुठं तरी बघितल्यावानी वाटायलंय. आमच्या भाचीच्या लग्नात, नवरदेवाकडनं पंगत वाढायला हुते का हे? अक्का, कोण तुमचे हे?"

अक्कानं नवऱ्याकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"ओळख न्हाई बगा. आत्ताच भेट झाली हितं."

नवऱ्यानं गठ्ठा अलगद टेबलावर ठेवला, सदरा नीट केला आणि हात जोडले.

"नमस्कार अक्का. तुम्ही कशाचा धंदा करायलाव?"