पाण्यात उभा राहिलेला हवालदार

हवालदार नामदेव खाडे आणि मी एकाच प्लाटूनमध्ये होतो. गावंही शेजारची, बीड जिल्ह्यातली, एकाच ओढ्याच्या काठावरची. फौजेत तो माझा ज्युनिअर, त्यामुळे गावाकडंही तो मला शेवटपर्यंत साहेबच म्हणायचा.

आमची पोस्टिंग काश्मीरात होती. डोंगराच्या उतारावर पोस्ट, खाली वस्ती. सकाळी हत्यारं घेऊन सज्ज उभं राहायचं, म्हणजे स्टँड-टू, मग पेट्रोल, मग गेटची ड्युटी. पोस्टच्या सुरक्षेसाठी आम्ही तारेचं कुंपण वाढवलं आणि त्यात गावाची झऱ्यावर जायची पायवाट अडकली. एका सकाळी गावातल्या बायका गेटसमोर येऊन बसल्या. गार्ड कमांडर मी होतो, गेटवर नामदेव. मी रेडिओवर सीओसाहेबांना, म्हणजे आमच्या कमांडिंग ऑफिसरना, कळवलं.

"सर, गेटवर पब्लिक. सगळ्या बायका. बसल्यात."

"हातात काही?"

"नाही सर."

"कुणी हात लावणार नाही. मी येतो."

सीओसाहेब चालत खाली आले. गेट उघडायला लावलं, बाहेर एका दगडावर बसले आणि दुभाष्याला जवळ बोलावलं. दुसऱ्या दिवशी आम्हीच ती तार मागं सरकवली.

नामदेवच्या मनात ती सकाळ पक्की बसली. तार सरकवली त्या रात्री लंगरमध्ये जेवताना तो म्हणाला, "साहेब, बसलेल्या मानसाम्होरं सरकारला वाकावं लागतं." मी काही बोललो नाही. आज बोलतो. त्या दिवशी सरकार वाकलं नव्हतं. एक माणूस वाकला होता, त्या माणसाच्या हातात तार हलवायचा अधिकार होता आणि तो गेटपर्यंत चालत आला होता. एवढं सगळं जुळून आलं म्हणून झरा मोकळा झाला.

रिटायर होऊन तो गावी आला. त्याची वस्ती ओढ्याच्या एका काठाला, तालुक्याचा रस्ता आणि दवाखाना पलीकडच्या. अर्धी वस्ती दिवाळीनंतर ऊसतोडीला जाते, उरलेली मेंढरं राखते. पावसाळ्यात सगळी घरी असतात आणि नेमका तेव्हाच ओढा रस्ता तोडतो. वरच्या अंगाला एक तलाव आहे. पालीजवळ बिंदुसरा नदीचं धरण भरलं की पेपरात फोटो येतो. आमचा तलाव भरला की फक्त आमच्या ओढ्याला कळतं. एका पावसाळ्यात वस्तीतली एक बाळंतीण ट्रॅक्टरच्या ट्यूबवर बाज बांधून पलीकडं नेताना काठावरच गेली. तिला खांदा देऊन आल्यावर नामदेव म्हणाला, आता पूल होईपर्यंत मी गप बसत नाही.

पोरं तावात होती. रास्ता रोको करू, टायर जाळू, असं म्हणत होती. नामदेवनं त्यांना मारुतीच्या पारावर बसवलं आणि ऑर्डर सांगितल्या. पाण्यात उभं राहायचं. शिवी नाही. दगड नाही. दारू पिलेला माणूस लाइनीत नको. सगळे त्याला फौजी म्हणायचे आणि त्याचं ऐकायचे. त्याची मुलगी सविता तेव्हा पोलीस भरतीची तयारी करत होती. रोज पहाटे माळावर पळायची. तिनं एकटीनं विचारलं, "आबा, कावून ऐकतील ते आपलं?"

"ऐकत्यात," नामदेव म्हणाला. "दम धरावा लागतो."

आंदोलन सुरू झालं. रोज सकाळी तो फौजेची बेरे टोपी आणि मेडल घालून काठावर यायचा, सगळ्यांची हजेरी घ्यायचा आणि लाइन करून पाण्यात उतरवायचा. कमरेएवढं पाणी. म्हाताऱ्या बायका काठाजवळ, तरणे मध्ये, सगळ्यात खोल तो स्वतः. दुपारी भाकरीला बाहेर, मग परत पाण्यात. मी वस्तीकडच्या काठावर दोर घेऊन बसायचो. पावसाळ्यातल्या ओढ्याचा भरवसा नसतो आणि फौजी माणूस दोराशिवाय पाण्याजवळ जात नाही.

कौतुक लई झालं. तालुक्याहून तहसीलदारसाहेब आले. पलीकडच्या काठावर गाडी उभी करून त्यांनी हात जोडले. इतकं शिस्तीचं आंदोलन मी नोकरीत पाहिलं नाही म्हणाले. पोलिसांनी चहा पाजला. पेपरवाल्यानं मेडलसकट फोटो छापला, खाली लिहिलं, माजी सैनिकाचा शांततेचा मार्ग. एका पुढाऱ्यानं फोन करून नामदेवची पाठ थोपटली. पुलाचं विचारलं की सगळे एकच सांगायचे. प्रस्ताव वर गेलाय. वर म्हणजे कुठं, ते कुणी सांगितलं नाही.

पायांना चिखल्या झाल्या, कातडी सोलून निघाली. मी नामदेवला म्हणालो, आता बास करू. तुझ्या उभं राहण्याचा त्यांना काही त्रास होत नाही, उलट बरंच वाटतं. तो हसला. म्हणाला, सीओसाहेब आलते, तसं हितंबी कुनीतरी येईल.

त्या दिवशी आमच्याकडं ऊन होतं. वर डोंगरात पाऊस होता. दुपारच्या आधी पाण्याचा रंग बदलला. काडीकचरा यायला लागला. मी ओरडलो, "नामदेव, पाणी लाल झालं. विथड्रॉ."

त्यानं एकदा वर पाहिलं आणि ऑर्डर दिली. "बायका पहिल्या. पळायचं न्हाई. हात सोडायचा न्हाई."

कुणी पळालं नाही, हे मला मुद्दाम सांगायचंय. इतके दिवस लाइनीत उभी राहिलेली माणसं लाइनीतच बाहेर आली. गर्दी असती तर त्या दिवशी बरीच प्रेतं निघाली असती.

शेवटी भिवा राहिला. भिवा म्हातारा मेंढपाळ. त्याचा पाय तळाच्या दगडांत अडकला होता आणि पाणी छातीला लागलं होतं. काठाशी आलेला नामदेव परत वळला. मी त्याच्या कमरेला दोर बांधला.

"साहेब, ढील द्या."

"किती?"

"म्या सांगतो."

तो पोचला. डुबकी मारली, भिवाचा पाय सोडवला, त्याला दोराच्या आधारानं पुढं ढकललं. पोरांनी भिवाला ओढून घेतलं. तेवढ्यात वरून बाभळीचं खोड आलं. मला दिसलं. मी हाक मारली, ती पाण्याच्या आवाजात त्याला ऐकू गेली की नाही, माहीत नाही. खोड त्याच्या डोक्याला लागलं. आम्ही दोर ओढून त्याला काठावर आणला.

नाडी लागत होती. श्वास होता, पण तुटक. फर्स्ट एडचं जेवढं येत होतं तेवढं मी केलं. सविता त्याचे पाय चोळत होती. कुणीतरी फोन लावला आणि अँब्युलन्स खरंच आली, उशीरही केला नाही. ती पलीकडच्या काठावर येऊन थांबली. सायरन चालू होता. डॉक्टर खाली उतरला. मागून साहेबांची गाडी आली. ते सगळे तिकडं उभे, आम्ही इकडं, आणि मध्ये ओढा. डॉक्टर हातानं खुणा करून सांगत होता, मान हलवू नका, एका कुशीवर घ्या. आम्ही घेतलं. यापेक्षा जास्त त्याला तिथून करता येत नव्हतं.

पाणी संध्याकाळी उतरलं. नामदेव त्याच्या आधी गेला.

तिसऱ्या दिवशी सावडून झाल्यावर शोकसभा झाली. साहेब आले, पुढारी आले. प्रत्येक जण बोलला. शांततेचा आदर्श, संयमाची परंपरा, तरुणांनी हाच मार्ग धरावा. सविता उठून उभी राहिली. मला वाटलं बोलेल. ती तशीच चालत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी वस्तीतली पोरं तालुक्याला गेली. तहसील ऑफिसच्या काचा फुटल्या. एक सरकारी जीप जळाली. पहिला दगड सवितानं मारला, असं पोलीस म्हणतात. तीही नाही म्हणत नाही.

महिना उलटायच्या आत पूल मंजूर झाला. जो प्रस्ताव वर होता, तो एकदम खाली आला. पावसाळा संपताच मशीन लागली.

नंतर एकदा सविता माझ्या घरी आली. पोलीस भरतीच्या ग्राउंडवर ती पहिली आली होती, लेखीतही पास होती. चारित्र्य पडताळणीत अडकली. गुन्हा दाखल असलेल्या पोरीला वर्दी मिळत नाही. तिनं चहा घेतला आणि कप खाली ठेवला.

"काका, आबा इतके दिवस पान्यात उभे ऱ्हायले, तर त्यायला हार घातला. म्या एक दगड मारला, तर पूल दिला. आता तुमीच सांगा, चुकलं कुनाचं?"

मी शिस्तीत वाढलेला माणूस. जळालेली जीप मला आजही पटत नाही. तिला तसं सांगायला तोंड उघडलं, पण ते ज्यांनी सभेत सांगितलं होतं त्यांचे चेहरे आठवले. मी म्हणालो, "तुझं नाही चुकलं." बरोबर होतं असंही म्हणालो नाही. तिला ते कळलं. ती उठून गेली.

लोक मला विचारतात, शांततेच्या आंदोलनाचं कौतुक करावं की नाही. माझ्यापुरतं उत्तर आहे. पाण्यात उभा आहे त्यानं ते करावं, किंवा त्याच्यासाठी पाण्यात उतरेल त्यानं. काठावर गाडी लावून हात जोडणाऱ्यानं करू नये. त्याच्या कौतुकाचा अर्थ एवढाच असतो, की तू असाच उभा राहा, आमचं बरं चाललंय. नामदेवची शिस्त खोटी नव्हती. भिवा अजून मेंढरं चारतो, लाइनीतली एकूण एक बाई जिवंत आहे, ते त्या शिस्तीमुळं. पण पूल त्या शिस्तीनं आणला नाही, आणि हे मी त्याच्या प्रेमापोटीसुद्धा लपवणार नाही.

पुलाचं उद्घाटन झालं. कोनशिलेवर बरीच नावं आहेत, त्याचं नाही. पाहुणे बोलताना पुन्हा संयम म्हणाले. मग माजी सैनिक म्हणून मला दोन शब्द सांगायला उभं केलं. मी सावधान उभा राहिलो आणि म्हणालो, "हवालदार नामदेव खाडे. याच जागी, ड्युटीवर. एका माणसाला बाहेर काढून गेला. अँब्युलन्स समोरच्या काठावर उभी होती."

सॅल्यूट केला आणि खाली बसलो. टाळ्या वाजल्या नाहीत. भिवानं मुंडासं काढून मांडीवर ठेवलं होतं.

सविता कार्यक्रमाला नव्हती. त्या दिवशी तिची कोर्टात तारीख होती. सकाळीच, फीत कापायच्या आधी, ती त्याच पुलावरून चालत एसटी गाठायला गेली होती.