जंतूअक्काच्या तांबड्या सुया

आमच्या गल्लीत तिला सगळे जंतूअक्का म्हणत, तेही तोंडावर. तिला राग येत नसे. बाजारातून आणलेली कोथिंबीर ती धुई, ते ठीक. पण आलेला पाहुणाही ओट्यावर हातपाय धुतल्याशिवाय आत येऊ शकत नसे. जावईसुद्धा. अक्का, कुठे दिसतात तुझे जंतू, असं विचारलं की म्हणे, "दिखत नहीत, पन शेतस." आहेत म्हणजे आहेत. देवाबद्दल तिनं इतक्या खात्रीनं बोललेलं मी ऐकलं नाही.

तिच्याकडे क्रोशाच्या लाकडी सुया होत्या, लाखेच्या तांबड्या रंगाच्या, चकचकीत. धुळ्याच्या उन्हात दुपारी बाहेर पडायची सोय नाही, म्हणून आम्ही बाया तिच्या पुढच्या खोलीत विणत बसायचो. उठताना सुई तिच्या हातात द्यायची. साबणाच्या पाण्यातलं फडकं ती घट्ट पिळून घेई, सुई पुसे, लगेच कोरडी करून सावलीत ठेवी. "लाकूडले आंघोय घालू नही, नुसतं तोंड पुसानं," म्हणे.

कोरोना नुकताच ओसरला होता. शेजारच्या मंगलच्या मुलीचं लग्न ठरलं, साक्रीचं स्थळ. रुखवतात मांडायला मोठं पांढरं तोरण विणायचं होतं, आणि नेमका मंगलच्या बोटांवर नायटा उठला. तिनं धरलेली सुई कुणी घेईना. मीही घेतली नाही. मला खाज नको होती. एकटीनं तोरण पुरं होणार नव्हतं. ती डोळ्यांना पदर लावून उठली. आम्हाला वाटलं, अक्का आता तिच्या मागोमाग उंबरठाही धुईल. अक्का म्हणाली, "बस खाले. बोटले मलम लाव. सुया मी देखस."

रोजचं फडकं नायट्याला पुरणार नाही, असं तिच्या मनानं घेतलं. घरात सॅनिटायझरचा कॅन पडून होता. तिनं सगळ्या सुया त्यात बुडवून ठेवल्या. जन्मभर नुसतं तोंड पुसलेल्या लाकडाला एकदम आंघोळ. दुसऱ्या दिवशी सुया कोरड्या दिसल्या, पण हाताच्या घामानं चिकटायला लागल्या, आणि अर्धं तोरण जागोजागी गुलाबी झालं. साबण लावला, घासलं, डाग हलेनात. लग्न चार दिवसांवर. मंगलनं गळा काढला. अक्कानं एवढंच विचारलं, "जंतू तं मरनात ना?"

मग उरलेलं तोरण तिनं त्याच सुयांनी विणून घेतलं. स्पिरिटात लाख विरघळून कॅनमधलं सॅनिटायझर लाल झालं होतं, ते परातीत ओतलं आणि अख्खं तोरण त्यात बुडवलं. वाळलं तेव्हा एकसारखं गुलाबी, वर खळ दिल्यासारखं कडक.

लग्नात विहीणबाईंनी तोरणावर बोट फिरवलं आणि हा कसला रंग, म्हणून विचारलं. मंगलचा चेहरा पडला. अक्का पुढे झाली. "औषधी शे. हात लावाले हरकत नही."

विहीणबाईंनी दुसराही हात लावला.

अक्का मागच्या वर्षी झोपेत गेली. जंतू वगैरे काही नाही, निव्वळ वय. सुया मी तिच्या घरच्यांकडून मागून आणल्या. रंग उडालेला, धागा अडकतो. बाजारात स्टीलच्या चांगल्या मिळतात. मंगल दुपारी माझ्याकडे विणायला येते. बोटं कधीच बरी झाली तिची, तरी उठताना सुई माझ्या हातात देते. मी पुसते. अक्काइतकं घट्ट फडकं मला पिळता येत नाही.