अस्वलानंतरची अक्का

दाजींचा फोन आला तेव्हा मी रामनगरच्या बाजारात होते. "गेली बघ तुझी अक्का. चहा पिता पिता, बसल्या जागी..." एवढंच बोलले. हृदय थांबलं होतं. चेहऱ्याच्या दुखण्यानं नाही गेली, हा माझ्या मनात आलेला पहिला विचार... आणि मला जरा बरंच वाटलं.

अक्का माझी थोरली मावसबहीण, गुंद गावात दिलेली. शेताच्या कडेला पाचोळा गोळा करताना अस्वलानं तिला धरलं. डाव्या गालात नख्या रुतवून खाली पाडलं, फरपटत नेलं. गालाचं मांस लोंबत असताना तिनं त्याच्या नाकाडावर कोयता चालवला, पुन्हा पुन्हा, ते ओरडत पळेपर्यंत. टाके पडले, जखम भरली, गावोगाव तिचं नाव झालं. खरं दुखणं त्यानंतर सुरू झालं. घास चावताना, तोंड धुताना, कधी नुसत्या वाऱ्यानंही गालात विजेसारखा झटका बसायचा. हातातलं ताट ती भिंतीवर भिरकावायची, खांबावर डोकं आपटायची, कपाळ फुटलं तरी थांबायची नाही. धरायला गेलेल्या दाजींच्या दंडाचा एकदा तिनं लचकाच तोडला. एकदा तर कोयता घेऊन स्वतःचा गाल कापायला निघाली. तो हिसकावताना दाजींचा तळवा फाटला. अंगणात रक्तानं माखून बसलेली ती दोघं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलीत.

डॉक्टर पुष्कळ झाले. एकानं नुसत्या गोळ्या दिल्या, दुसऱ्यानं चांगल्या दाढा उपटल्या, तिसरा म्हणाला, जखम बरी झालीय, आता मनातली भीती काढा. अस्वलाची गोष्ट मात्र प्रत्येकाला पहिल्यापासून ऐकायची असायची. सांगून सांगून अक्का दमली. आता कुणाकडं जायचं न्हाई म्हणाली.

मीच हट्टानं तिला बेळगावला नेलं, नसांच्या आजाराच्या एका डॉक्टरीणबाईंकडं. बाईंनी व्रण पाहिला, पण अस्वलाचं काही विचारलं नाही. आत्ता दुखतं ते कसं दुखतं, तेवढं सांगा म्हणाल्या. अक्का बघतच राहिली. मग बोलत सुटली, अर्धं कानडी, अर्धं मराठी... बाईंनी मध्ये तोंड उघडलं नाही. गालाला हात लावण्याआधी त्यांनी "लावू का?" असं विचारलं, तेव्हा अक्काला रडू फुटलं. बाई म्हणाल्या, दात नाही, नस दुखावलीय. पुरतं जाणार नाही, पण आवरता येईल.

"म्हंजे खरंच दुखतंय न्हवं?" अक्कानं विचारलं.

"खरंच दुखतंय."

औषधं बदलत, वाढवत कितीतरी महिने गेले. झटके विरळ झाले, संपले नाहीत. वाईट दिवशी ताटं अजून आदळायची, पण कोयता पुन्हा गालाकडं गेला नाही. अणशीच्या एका बाईलाही असंच दुखतं हे कळल्यावर अक्का स्वतः तिला बसमधून बेळगावला घेऊन गेली.

परवा गुंदला गेले होते. ताटं वाढलेली, उकाड्यानं जीव नकोसा झालेला. मी पंखा लावायला उठले. "नको, तिला वारा..." दाजी बोलून गेले. मग स्वतःच उठले, बटणाशी गेले, थोडा वेळ तिथं उभे राहिले... आणि न लावताच परत येऊन बसले. आम्ही तसेच घामात जेवलो.