बाजेचा ट्रॅक्टर

ही वही कोणाच्या हाती लागली तर माझ्या ऱ्हस्व-दीर्घाला हसू नये. मी चौथीपर्यंतच शिकले, आणि अक्षर पहिल्यापासूनच कोंबडीनं माती उकरल्यासारखं आहे.

वरूडजवळ आमचा संत्र्याचा बगिचा होता. त्यात एक लहान ट्रॅक्टर चाले. एका वर्षी मामाजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, मोठा हवासा वाटला. शेजाऱ्यानं मोठा आणला होता, दुसरं कारण काही नव्हतं. अमरावतीच्या दुकानात इसार द्यायला रोख नव्हती, म्हणून माझे दोनशे रुपये घेतले. ते मी चार वर्षं दूध विकून शिवणयंत्रासाठी साठवले होते. आमच्याकडे सून सासऱ्यासमोर बोलत नसे. फारच अडलं तर गाईशी बोलायचं आणि सासऱ्यानं ऐकायचं.

इसार देऊन झाल्यावर माझ्या मालकांना शंका आली, की एवढा रुंद ट्रॅक्टर झाडांमधून जाईल का? मग दुकानात जाऊन त्यांनी दोरीनं माप आणलं. तेवढा बांबू बाजेला आडवा बांधला. चार गड्यांनी बाज उचलली आणि मामाजी परात धरून वर बसले. परात म्हणजे स्टेअरिंग.

"बाबा, इंजनाचा आवाज तरी काढा!" माझे मालक म्हणाले.

"फुकटचं तेल जाते ना बे!" मामाजी म्हणाले.

पहिली ओळ नीट पार पडली. मी पदर नाकापर्यंत ओढून भाकरी घेऊन उभी होते. रोज पाहत होते, लहान ट्रॅक्टरसुद्धा विहिरीजवळ वळताना तीनदा मागेपुढे होई. बाजूला गाय बांधली होती. तिला म्हटलं, "गाई, सरळ तर हत्तीबी जाईन वं. पन वळन कुठून?"

"गाईले सांगा, डायवर कोन हाये ते पाय!" बाजेवरून उत्तर आलं.

विहिरीजवळ मामाजींनी परात फिरवली. पुढचे गडी डावीकडे गेले, मागचे उजवीकडे. बांबू फांदीत अडकला, बाज कलंडली, आणि मामाजी झाडाच्या पाणी भरलेल्या आळ्यात जाऊन बसले. वरून दोन संत्री पडली.

कोणी हसेना.

"कावून उभे रायले बे मयतीले आल्यावानी? उचला मले," मामाजी म्हणाले. "गाय बराबर म्हनत होती."

दुकानदारानं निम्माच इसार परत केला. तेव्हापासून मामाजी दर आठवड्याला एसटीनं अमरावतीला जायचे, त्याच्या दुकानात बसायचे आणि येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारायचे, "भाऊ, घरी बाज हाये का? आधी तिच्यावर बसून पाहा." चौथ्या खेपेला दुकानदारानं हात जोडले.

त्या संध्याकाळी मी धार काढत होते. मामाजींनी नोटा गव्हाणीच्या काठावर ठेवल्या.

"गाई, मोजून घे वं."

गाईनं तोंड घालायच्या आत मी त्या उचलल्या. पदराआड मोजल्या. दोनशे पुरे होते.