ताईची पंधरा मिनिटं

दादा गेल्याचा निरोप वॉचमननं कंपनीच्या शॉपमध्ये आणला तेव्हा मी लेथवर होतो. शेजारचा जोडीदार म्हणाला, "निघ राव, मशीन मी बघतो." मी निघालो, पण सायकलवर बसल्यावरही डोळ्यांत पाणी येईना... अजून आलेलं नाही. वडिलांवर लिहायचं तर चार गोड शब्द लिहावेत अशी रीत आहे. ते शब्द शाळेतल्या शोकसभेत इतरांनी बोलून घेतले, माझ्याकडे उरले नाहीत.

दादा पिंपरीतल्या एका शाळेत गणित शिकवायचे. त्या सभेत त्यांचा एक जुना विद्यार्थी गहिवरून म्हणाला, "गुरुजींनी परीक्षेत पोटच्या मुलीलाही एक मिनिट जादा दिलं नाही!" माना डोलल्या. ती मुलगी, माझी थोरली बहीण शोभाताई, पहिल्याच रांगेत डाव्या हातानं पदराचं टोक पिळत बसली होती. माझ्या अंगाची लाही लाही झाली.

ताई मूळची डावखुरी. दादांना ते खपत नसे. ती पाटी घेऊन बसली की आईच्या जुन्या लुगड्याच्या पट्टीनं ते तिचा डावा हात पाठीशी बांधायचे. ती उजव्या हातानं लिहायला शिकली, पण ते लिहिणं कायम रखडतच राहिलं. तोंडी गणितं पटापट सोडवणारी ताई कागद समोर आला की घामाघूम व्हायची. तिला नर्स व्हायचं होतं. त्यासाठी मॅट्रिक व्हायला हवं होतं, आणि पूर्वपरीक्षेत नापास झालेल्यांना शाळा मॅट्रिकला बसू देत नसे. हेडमास्तर भला माणूस. ते आपणहून म्हणाले, "गुरुजी, शोभाला पंधरा मिनिटं जादा देऊ. तिला सगळं येतं." दादांनी साफ नकार दिला. गणिताच्या पेपरला वर्गावर तेच होते. घंटा झाली तेव्हा ताई शेवटच्या गणितात होती. दादांनी तिच्या पेनाखालून कागद ओढला आणि शाईची रेघ पार खालपर्यंत गेली.

घरी आई कडाडली, "अवो, पोटची पोर हाय ती! जरा येळ दिला असता तर आभाळ कोसळलं असतं व्हय?"

"उद्या कंपनीचा भोंगा तिच्यासाठी थांबणार आहे का?" दादा म्हणाले आणि पाटावर बसले. ताई नापास झाली. पुन्हा बसते म्हणाली, तर त्यांनी तिचं नावच शाळेतून काढलं.

भोंग्याबद्दल दादांना काय डोंबल ठाऊक होतं? कंपनीच्या गेटच्या आत ते कधी गेले नव्हते. मी गेलो. भोंगा झाला की अर्धा कातलेला जॉब मशीनवर तसाच सोडायचा. पुढच्या शिफ्टचा माणूस येतो, विचारतो, "कुठवर आलाय, भाऊ?" आणि तिथून पुढे सुरू करतो. भोंगा झाला म्हणून चांगला जॉब कुणी भंगारात फेकत नाही. ताई औषधांच्या कंपनीत पॅकिंगला लागली. कुठल्या हातानं काम करतेस, असं तिला तिथं कुणी विचारलं नाही. माल निघायचा राहिला की सुपरवायझर यायचा, "शोभाताई, ओव्हरटाइमला थांबता का?" जादा वेळेला तिथं दुप्पट मजुरी मिळायची. पण नर्स ती झाली नाही... माणूस गेलं म्हणून मी ते विसरणार नाही.

शेवटच्या वर्षी दादांची उजवी बाजू लुळी पडली, वाचा गेली. लिहायचं तर डाव्या हातानं. ताईनंच त्यांना पाटी आणून दिली. एक अक्षर काढायला त्यांना फार वेळ लागायचा आणि मधेमधे ते फळीवरच्या घड्याळाकडे भेदरून बघायचे. एक दिवस ताईनं उठून त्या घड्याळाचं तोंड भिंतीकडे केलं. "सावकाश लिहा, दादा. पाटी कुणी ओढणार नाही." त्यांना पश्चात्ताप झाला का, असं लोक विचारतात. पाटीवर ते पाणी, चहा, एवढंच लिहीत. मी तरी दुसरं काही वाचलं नाही.

घड्याळ अजून तसंच आहे. ताई रोज त्याला चावी देते आणि पुन्हा भिंतीकडे तोंड करून ठेवते. परवा मी ते सरळ करायला गेलो.

"राहू दे," ताई म्हणाली. "दादांचं लिहून व्हायचंय अजून."